प्रच्छद

प्राण्याच्या किंवा वनस्पतीच्या शरीरातील एखादी फट, तोंड किंवा पोकळी झाकणारे झाकण अथवा पडदा म्हणजे प्रच्छद. माशाच्या कल्ल्यांवरचे झाकण, गोगलगायीच्या शंखाचे दार आणि हरितांच्या (मॉस) बीजाणुकोशाचे टोपण या तिन्हींना हीच संज्ञा लावतात. त्यांचा उगम मात्र एक नाही. वेगवेगळ्या गटांत ती स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली.

मासळी घेताना कल्ले लाल आहेत का, हे पाहायला गालाचा जो भाग उचलतात, तोच माशाचा प्रच्छद. अस्थिमत्स्यांत तो चार चपट्या हाडांचा असतो. नाजूक कल्ल्यांचे रक्षण हे त्याचे अर्धेच काम. श्वसनाचा पंप चालवणे हे उरलेले, आणि तेच अधिक मोलाचे. तोंड उघडते तेव्हा प्रच्छदाची मागची कड मिटलेली असते, पण झाकण बाहेर फुगते. आतला दाब उतरतो आणि पाणी कल्ल्यांवरून मागे ओढले जाते. तोंड मिटताच कड सुटते, पाणी बाहेर पडते. म्हणूनच रोहू एका जागी थांबूनही श्वास घेत राहतो. मुशीला असे झाकण नाही; तिच्या कल्ल्यांच्या पाच ते सात फटी बाहेरून सरळ दिसतात. काही जातींच्या प्रच्छदाच्या हाडावरील वलये मोजून माशाचे वय ठरवतात.

बेडकाच्या भैकेरात (पाण्यातल्या शेपटीवाल्या पिलात) कल्ल्यांवर प्रच्छद म्हणून कातडीची घडी चढते. पुढचे पाय या घडीआड वाढतात, त्यामुळे मागचे पाय आधी दिसू लागतात.

भातखाचरात आणि तळ्यांत आढळणाऱ्या पायला या गोगलगायीच्या पायावर, मागच्या बाजूला, चुनखडीयुक्त कठीण चकती असते. प्राणी आत शिरला की चकती शंखाच्या तोंडात घट्ट बसते. पाणी आटल्यावर पायला हे दार लावून चिखलात उन्हाळा काढते. शेतांत उपद्रव करणाऱ्या आफ्रिकी गोगलगायीला प्रच्छद नसतो. ती चिकट स्रावाच्या पापुद्र्याने तोंड बंद करते आणि पाऊस आला की तो टाकून देते. त्याला प्रच्छद म्हणणे चूक. आयुर्वेदातील ‘नखी’ हे सुगंधी द्रव्य म्हणजे सागरी गोगलगायींचे प्रच्छदच होत.

वनस्पतींत झाकण बहुधा एकदाच उघडते. घोळीचे इवलेसे फळ आडवे फुटते; वरचा भाग अखंड गळून पडतो आणि खालच्या वाटीत बारीक काळे बी दिसते. कुर्डूचेही तसेच. निलगिरीच्या कळीचे टोपण पडल्यावर पुंकेसर मोकळे होतात. जांभळाच्या चिकटलेल्या पाकळ्याही अशाच एकत्र गळतात. फ्युनेरिया या हरितेत टोपणाखाली सोळा-सोळा दातांची दोन वलये असतात. हवेतील ओलाव्यानुसार दात वळतात, त्यामुळे बीजाणू एकदम न सांडता थोडेथोडे बाहेर पडतात.

मेघालयातील घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीच्या घटाचे झाकण कीटक शिरताच मिटते, हा समज खरा नाही. एकदा उघडलेले झाकण पुन्हा लागत नाही. त्याचा उपयोग आतला पाचक द्रव पावसाने पातळ होऊ न देण्यासाठी असतो. आग्नेय आशियातील नेपेंथिस ग्रॅसिलिस या जातीत त्याचे कामच पालटले आहे. झाकणाच्या खालच्या बाजूला मधुरस टिपणाऱ्या मुंग्या, वरून पावसाचा थेंब आदळला की खालच्या घटात पडतात.