कोडिंग शिकवण्यासाठी आधी पारंगत व्हावे लागते का?

‘ज्याला स्वतःला कोडिंग पूर्ण येत नाही, त्याने दुसऱ्याला शिकवले तर दोघांचेही नुकसान होते’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागची काळजी रास्त आहे, कारण चुकीचे शिकलेले पुसणे कठीण असते. निष्कर्ष मात्र बरोबर नाही.

कोडिंगमध्ये सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे सांगणाऱ्याच्या अधिकारावर नव्हे, तर प्रोग्रॅम चालवून ठरते. समजा, यवतमाळकडच्या एखाद्या गावात अकरावीतली मुलगी धाकट्या भावाला पायथन ३ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कापसाने भरलेल्या दोन बैलबंड्यांच्या वजनाची बेरीज शिकवते आहे. ‘इनपुट’ने, म्हणजे टाइप केलेली किंमत घेणाऱ्या आज्ञेने, ८ आणि ९ क्विंटल घेतले, तर उत्तर १७ ऐवजी ८९ येते. ‘इनपुट’ आलेली किंमत मजकूर म्हणून ठेवते, त्यामुळे अधिकचे चिन्ह दोन मजकूर एकमेकांना जोडते. ‘इंट’ या आज्ञेने त्यांचे पूर्णांकात रूपांतर केले की १७ मिळतात. ही अडचण तिला नुकतीच आलेली असल्याने भाऊ नेमका कोठे अडेल हे तिला ठाऊक असते, जे अनुभवी माणसाला पुष्कळदा आठवतही नाही, आणि माझ्या मते नवशिक्याचे खरे बळ हेच आहे.

पडताळणीसाठी शिकणाऱ्याने तोच प्रोग्रॅम न पाहता पुन्हा लिहावा आणि ८.५ सारखे वजन देऊन पाहावे. तेथे ‘इंट’ त्रुटी दाखवते आणि दशांश संख्येसाठीची ‘फ्लोट’ ही आज्ञा लागते. शंका उरल्यास भाषेची अधिकृत माहितीपुस्तिका विनामूल्य उपलब्ध आहे.

पासवर्ड साठवणे किंवा पैशांचे व्यवहार यांतील चूक मात्र अशी लगेच दिसत नाही, म्हणून तेवढा भाग जाणकारांकडूनच शिकावा.