बरणीतला मासा बोलत नाही

१८९५ साली मेरी किंग्जली ही इंग्रज बाई आजच्या गॅबॉनमधल्या ओगोवे नदीवर होडीतून हिंडत होती. व्यापार करायचा, मुलूख पाहायचा आणि सापडतील ते मासे ब्रिटिश म्युझियमसाठी स्पिरिटमध्ये घालायचे, असा तिचा उद्योग. ते मासे पुढे लंडनला मत्स्यतज्ज्ञ अल्बर्ट ग्युंटर यांच्या टेबलावर गेले. त्यांतल्या एका तपकिरी, बारक्या डोळ्यांच्या माशाला ग्युंटरांनी १८९६ मध्ये तिचंच नाव दिलं. आज तो पॅरामॉर्मिरॉप्स किंग्जलीए म्हणून ओळखला जातो. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खवले मोजले, परांचे काटे मोजले, डोक्याची लांबी घेतली, बरणीला चिठ्ठी लावली. मात्र शेजारच्या भाऊबंदांपासून या माशाला वेगळं काढणारी मुख्य खूण तो मेला तेव्हाच गेली होती.

हे मासे मॉर्मिरिड कुळातले. दोनशेहून अधिक प्रजाती, सगळ्या आफ्रिकेच्या गोड्या पाण्यात. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ‘एलिफंट नोज’ म्हणून मिळतो तो याच कुळातला. शेपटीच्या अरुंद देठात स्नायूंपासून बनलेलं एक विद्युत-अंग असतं. त्याचा झटका इतका किरकोळ, की पाण्यात हात घातला तरी काही कळत नाही. म्हणून तर हजारो वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. प्राचीन इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस गावात या कुळातला लांब तोंडाचा मासा पवित्र मानत. गावाचं ग्रीक नावही माशाच्या त्या टोकदार तोंडावरूनच पडलं. नाईलमधल्या विजेच्या कॅटफिशचा दणका इजिप्तच्या लोकांना चांगलाच माहीत होता. या पवित्र माशातही वीज आहे, हे मात्र त्यांच्या गावी नव्हतं. एकोणिसाव्या शतकात चिरफाड करणाऱ्यांना अंग सापडलं, पण झटका सापडेना, म्हणून त्याला ‘खोटं’ विद्युत-अंग म्हणून मोकळे झाले. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात माशांची विद्युत-अंगं आपल्या सिद्धान्तापुढची खास अडचण म्हणून नोंदवली आहेत. असली अंगं पायरी-पायरीने कशी घडली असतील, हे त्याला सांगता येत नव्हतं.

कोडं उलगडायला सुरुवात केली केंब्रिजच्या हान्स लिसमन यांनी. मॉर्मिरिडांचा जवळचा नातेवाईक जिम्नार्कस मागच्या मागे पोहतो आणि तरी कशाला धडकत नाही, हे त्यांच्या डोळ्यांत भरलं. १९५१ मध्ये त्यांनी त्याच्या शेपटीतून अखंड निघणारे विद्युत-संकेत नोंदवले. पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं, की हे मासे स्वतःभोवती वीजक्षेत्र तयार करतात आणि त्यात पडलेली उलथापालथ कातडीवरच्या संवेदी अवयवांनी ओळखतात. गढूळ पाण्यात, रात्री, डोळ्यांवाचून.

प्रजाती ओळखायच्या कामात हे सगळं आणलं कॉर्नेल विद्यापीठाच्या कार्ल हॉपकिन्स यांनी. १९७० च्या दशकापासून ते गॅबॉनला जात राहिले, विशेषतः इविंदो नदीवर. पद्धत ऐकायला साधी. काठीच्या टोकाला दोन तारा, मागे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. काठी ओढ्यात घातली की काळ्या पाण्यातून ‘टक्, टक् टक्’ ऐकू येतं. मासा पकडला की त्याला छोट्या टाकीत सोडायचं, डोक्याकडे एक तार, शेपटीकडे एक, आणि पडद्यावर त्याच्या एकाच स्पंदाचा, म्हणजे विजेच्या एका ठोक्याचा, आकार पाहायचा. बहुतेकांचं स्पंद हजारांश सेकंदात मोजायचं. कुणाचं आधी वर मग खाली, कुणाचं त्याआधी आणखी एक छोटा खळगा, कुणाचं आखूड, कुणाचं लांबलचक. नोंद झाली की परांचा तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये आणि मासा फॉर्मॅलिनमध्ये. त्या माशाचा स्पंद-आलेख आणि त्याच्या अंगावरची चिठ्ठी यांचा क्रमांक एकच. माझ्या मते या विषयातली खरी क्रांती म्हणजे हा एकच क्रमांक.

आकाराचा फरक माशांनाही कळतो का? हॉपकिन्स आणि अँड्र्यू बास यांनी १९८१ मध्ये नदीतल्या नरांना तारांवाटे नकली स्पंदं ऐकवली. आपल्याच जातीच्या मादीसारखा आकार असला की नर प्रतिसाद देत, स्पंदात मिसळलेल्या लहरींच्या वारंवारता त्याच ठेवून नुसता आकार बिघडवला की देत नसत.

मग गॅबॉन आणि आसपासच्या नद्यांतून नमुने येत गेले. २००२ मध्ये जॉन सुलिव्हन, सेबास्तियां लावुए आणि हॉपकिन्स यांनी १,४०० हून अधिक माशांवरून हिशेब मांडला: शरीर आणि स्पंद यांवरून ३८ वेगळे प्रकार, आणि त्यांतले आधी नाव मिळालेल्या प्रजातींशी स्पष्टपणे जुळणारे फक्त चार. बाकीचे कित्येक बाहेरून इतके सारखे, की बादलीत एकत्र टाकले तर नुसत्या नजरेने निवडणं कठीण.

इथवर गोष्ट सरळ वाटते, पण ती तशी राहत नाही. पाणी तापलं की स्पंद आखूड होतं, म्हणून तुलना करण्याआधी तापमानाचा हिशेब करावा लागतो. विणीच्या काळात अनेक प्रजातींच्या नरांचं स्पंद लांबतं. पॅरामॉर्मिरॉप्स मॅग्नोस्टायपस या गटात एकाच जागी राहणाऱ्या वेगवेगळ्या स्पंदांच्या माशांचा डीएनए २००५ मध्ये तपासला, तर फरक जवळजवळ दिसलाच नाही. म्हणजे त्या दोन प्रजाती नुकत्याच फुटल्या असतील, किंवा एकाच प्रजातीत दोन आवाज असतील.

किंग्जलीबाईंच्या माशाने तर कमालच केली. २०११ मध्ये जेसन गॅलंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गॅबॉनमध्ये काही ठिकाणच्या माशांत या प्रजातीचं स्पंद दोन टप्प्यांचं (वर, मग खाली) आहे, तर काही ठिकाणच्या माशांत तीन टप्प्यांचं. कारण पेशींच्या रचनेत आहे. विद्युत-अंगातल्या पेशीचा देठासारखा भाग त्याच पेशीतून आरपार गेला, की सुरुवातीचा जादा टप्पा उमटतो. ही रचना मेलेल्या माशाच्या शेपटीचा काप घेऊनही दिसू शकते. अर्थात सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याच्यावरून नाव पडलं, तो नमुना कापायला द्या म्हटलं, तर कुठला संग्रहालयवाला हसत हसत बरणी पुढे करेल?