टुरिंग बाइक निवडताना कमरेचं गणित

मुंबईच्या दुचाकीस्वाराला पुणे द्रुतगती मार्ग बंद, अटल सेतूही बंद. त्यामुळे लांबचा प्रवास जुन्या पुणे रस्त्याने किंवा गोवा महामार्गाने, ताशी ७०-८० च्या वेगाने, गतिरोधक आणि खड्डे सांभाळत. म्हणून १४० ला गाडी किती स्थिर राहते, यापेक्षा धक्का कमरेपर्यंत किती पोचतो हे आधी बघावं.

शोरूममध्ये बाजी मारते ती रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५०. सीट ७४० मिमीवर, दोन्ही पाय आरामात टेकतात. त्याच कंपनीच्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिमीवर, बुटक्या माणसाला पंजावर उभं राहावं लागतं. मात्र सुपर मीटिऑरच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला जेमतेम १०१ मिमी जागा आहे, हिमालयनला २००. शिवाय सुपर मीटिऑर क्रूझर आहे, तिच्यावर पाय पुढे असतात. खड्डा दिसला तरी पायांवर जोर देऊन बूड उचलता येत नाही. धक्का थेट मणक्यात जातो.

काँक्रीटच्या रस्त्यावर आणखी एक गंमत होते. तिथे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजेच सेकंदाला जवळपास पाच ठोके. बसलेल्या माणसाचं धड नेमकं ४ ते ६ हर्ट्‌झच्या उभ्या कंपनांना सर्वात जास्त हलतं. वेग थोडा बदलून पाहा, फरक जाणवतो. मऊ गादीचा इथे फारसा उपयोग नाही. तासाभरात फोम दबतो आणि खालचा कडक भाग टोचू लागतो.

कोणतीही गाडी घ्या, मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) मात्र लावून घ्या. मागचं चाक अधांतरी ठेवून अ‍ॅक्सलपासून सरळ वर शेपटावरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग नेहमीच्या सामानासह बसा, दोघांनी जायचं तर दोघं बसा, आणि दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्या. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास हवा: हिमालयनला ६०-६५ मिमी, सुपर मीटिऑरला ३०-३३. जास्त बसत असेल तर प्रीलोड वाढवा. ‘शॉक टाइट कर’ म्हणून लोक हाच वाढवतात, पण त्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त मागून उचलली जाते. गरजेपेक्षा जास्त वाढवला तर चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही.

इंजिनाच्या कंपनांच्या बाबतीत मात्र सुपर मीटिऑर सरस. हिमालयनच्या एका सिलिंडरचा कंप, तो कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट असूनही, वरच्या आरपीएमला हँडलपर्यंत येतो. दोन सिलिंडरचं ६४८ सीसी इंजिन त्याच वेगाला निवांत असतं.

विंडशील्ड उंच म्हणजे चांगली, असंही नाही. तिच्या वरच्या कडेवरून सुटणारे हवेचे भोवरे हेल्मेटवर आदळले की डोकं हलतं, कान भणभणतात. टेस्ट राइडला ८० च्या वेगात क्षणभर पायदानांवर उभे राहा. तेवढ्याने हवेचा आवाज एकदम साफ, एकसारखा झाला, तर ती काच तुमच्या उंचीला चुकीची आहे.