जिन्नस तेच, क्रम वेगळा

कराडपासून सांगली-मिरजेपर्यंतच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मागवला, की तांबूस, दाट रश्श्यात दाणा अख्खा दिसतो, पण बोटानं दाबला की सहज चिरडतो. घरी तोच मसूर, तोच कांदा-लसूण मसाला, तेवढंच तेल. तरी बऱ्याचदा दोनांतलं एक होतं. एक तर सालं फुटून साधी आमटी होते, नाही तर दाणा आतून कचकचीत राहतो. सामानात काही कमी नसतं. कोणती वस्तू कोणत्या वेळी भांड्यात पडली आणि तेव्हा भांडं किती तापलेलं होतं, तिथं घोटाळा असतो.

डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. दाणा शिजतो तेव्हा हे पेक्टिन गरम पाण्यात हळूहळू विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि त्यांच्यातलं स्टार्च पाणी पिऊन फुगतं. पेक्टिनला विरघळू न देणाऱ्या दोन गोष्टी प्रत्येक स्वयंपाकघरात असतात. पहिली आंबट: टोमॅटो, चिंच, आमसूल, ताक. दुसरी म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम. ते पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतं. बोअरचं पाणी तापवताना पातेल्याच्या तळाशी पांढरा थर जमत असेल, तर ते पाणी जड आहे आणि त्यात डाळी उशिरा शिजणार. त्यावर उपाय सोपा आहे. पाणी ५ मिनिटं खळखळून उकळायचं, गार होऊन गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी घ्यायचं. कॅल्शियमचा बराचसा भाग त्या पांढऱ्या थरातच अडकून राहतो. सगळा जडपणा जात नाही, पण फरक पडतो.

‘आधी मीठ घातलं की डाळ शिजत नाही’ हे मात्र बरोबर नाही. खरं तर मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ पडते आणि ताणली तरी फुटत नाही. म्हणून अख्खा मसूर मिठाच्या पाण्यात भिजवावा: २०० ग्रॅम मसुराला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम दोन सपाट छोटे चमचे. दोन तास पुरेत. मग पाणी ओतून टाकायचं आणि दाणे एकदा धुऊन घ्यायचे.

दाणा कचकचीत राहतो तो दोष आंबटाचाच, याची खात्री एका रात्रीत करता येते. कुकरचे दोन लहान डबे घ्या. दोन्हींत ५०-५० ग्रॅम भिजवलेला मसूर आणि १५०-१५० मिली पाणी घाला. एकात एक मोठा चमचा चिंचेचा कोळ टाका, दुसऱ्यात काही नको. दोन्ही डबे एकाच कुकरमध्ये, एकाच वेळी, १० मिनिटं ठेवा. चिंचेचा दाणा चावल्यावर घट्ट लागेल. तिसऱ्या डब्यात बोअरचं पाणी घेऊन तेही तपासता येईल. अट एकच: एका डब्यात एकच गोष्ट बदलायची. पाणी, वेळ आणि आंबट असं तिन्ही एकदम बदललं तर जेवण होईल, प्रयोग होणार नाही.

आता प्रत्यक्ष शिजवणं. उघड्या पातेल्यात ७०० मिली पाण्याला उकळी आणायची, मसूर टाकायचा आणि आच मंद करायची. पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे. खळखळ उकळलं की दाणे एकमेकांवर आपटतात आणि सालं सुटतात. २५ ते ३० मिनिटं लागतात. डाळ जुनी असेल तर जास्त, कारण उष्ण-दमट हवेत साठवलेल्या डाळीची सालं आणि पेशींच्या भिंती कडक होत जातात. कुकर वापरायचा तर शिट्ट्या मोजू नयेत. शिट्टी किती लवकर होते हे आचेवर आणि कुकर किती भरला आहे यावर ठरतं, ती वेळेचं माप नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून ४ ते ५ मिनिटं, मग बंद. इथं घाई नडते. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला दाब एकदम उतरतो, १०० अंशांपेक्षा जास्त तापलेल्या दाण्यातल्या पाण्याची त्याच क्षणी वाफ होते आणि साल फाटते. वाफ आपोआप जिरू द्या.

उंचीचाही हिशेब असतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशानं उतरतो. सातारा शहरात पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, १३५० मीटरच्या महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवच्या आसपास. उघड्या भांड्यात हे दोन-चार अंश कितीही आच वाढवली तरी भरून निघत नाहीत, फक्त पाणी लवकर आटतं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणून डोंगरावर त्याचं महत्त्व जास्त.

मसूर शिजत असताना दुसऱ्या शेगडीवर कांदा. मध्यम आकाराचे तीन, बारीक चिरून, साधारण ३०० ग्रॅम. तेल ४ मोठे चमचे. कांद्यात पाणी शेकडा ८५ पेक्षा जास्त असतं. जोवर ते पाणी कढईत आहे, तोवर कांदा उकळबिंदूच्या फारसा वर तापत नाही, आणि रंग व खमंगपणा देणारी साखर-प्रथिनांची प्रक्रिया जोर धरते १४० अंशांच्या आसपास. म्हणून पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि मग दोन मिनिटांत रंग धावतो. सुरुवातीला चिमूटभर मीठ टाकलं तर पाणी लवकर सुटतं. टोमॅटो घालायची घाई केली तर दोन्हीकडून नुकसान: त्याच्या पाण्यानं तापमान पुन्हा खाली येतं आणि आंबटपणामुळे रंग येण्याची प्रक्रियाही मंदावते. तो कांदा मग नुसता उकडलेला राहतो. बहुतेक घरांतल्या रश्श्यात ढाब्याची चव येत नाही ती इथंच, मसाल्याच्या ब्रँडमुळे नाही.

कांदा बदामी-तांबूस झाला की आलं-लसणाचं वाटण एक मोठा चमचा, मिनिटभर. मग दोन टोमॅटो. ते तेल सुटेपर्यंत परतायचे; तेल सुटणं म्हणजे मिश्रणातलं मोकळं पाणी उडून गेल्याची खूण. मग आच बारीक करून कांदा-लसूण मसाला दोन मोठे चमचे आणि पाव चमचा हळद. कोरड्या, कडकडीत तेलात मसाला टाकला तर तिखट काही सेकंदांत करपतं आणि कडवट होतं; टोमॅटोचा ओलावा त्याला सांभाळतो. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळणारे, म्हणून तवंग लाल दिसतो. तिखट कमी हवं असेल तर पाणी वाढवण्यापेक्षा थोडा तवंग काढावा. शेवटी शिजलेला मसूर त्याच्या पाण्यासकट घालून १० मिनिटं मंद आचेवर. दाटपणा हवा तर एक डाव मसूर बाजूला चेचून परत मिसळायचा, बाहेरचं पीठ लावू नये. मीठ अगदी शेवटी चाखून, कारण विकतच्या मसाल्यात मीठ असतंच आणि भिजवतानाही थोडं आत गेलेलं असतं.

काही जण मसूर लवकर शिजावा म्हणून खायचा सोडा टाकतात. चिमूटभर चालतो. जास्त झाला तर दाणा गिळगिळीत होतो, साबणासारखी चव येते आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होतं. ओळखायला हळद उपयोगी: सोड्यासारख्या अल्कलीत ती पिवळी राहत नाही, तांबूस होते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीजवळच्या हरिपुरात ती जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवत. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात उतरतं, तेव्हा घरातही हळद काचेच्या बरणीत खिडकीशी न ठेवता अंधाऱ्या डब्यात ठेवलेली बरी.

मसुराऐवजी कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा घ्यायचा झाला तर नियम बदलतात. २०१६ साली मानांकन मिळालेला हा घेवडा राजम्याच्याच जातीचा. राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं आणि चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. घेवडा रात्रभर, किमान १२ तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. कुकरमध्ये हे आपोआप होतं. धोका आहे तो विजेवर मंद शिजवणाऱ्या भांड्यात (स्लो कुकर): तिथं तापमान ८० अंशांच्या खाली रेंगाळलं तर विष जात नाही, उलट वाढल्याचं आढळलं आहे. मोड आणून अर्धकच्चा खाण्याचा प्रयोग मटकीवर करावा, घेवड्यावर नाही.

आता भाकरी. माण, खटाव, जत, आटपाडीकडची शाळू ज्वारी असली तरी अडचण एकच: ज्वारीत ग्लुटेन नाही. गव्हाची कणीक मळल्यावर ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ज्वारीचं पीठ कितीही मळलं तरी तसं काही होत नाही. पिठाला चिकटवून धरायचं काम स्टार्चलाच करावं लागतं आणि त्यासाठी ते ७० अंशांच्या आसपास गरम पाण्यात फुगून चिकट व्हावं लागतं. म्हणून पाणी उकळतं हवं.

चार भाकरींना ३०० ग्रॅम पीठ. त्यात आधी १५० मिली उकळतं पाणी, उलथन्याच्या दांड्यानं ढवळून ५ मिनिटं झाकून ठेवायचं. मग हाताला सोसेल असं कोमट पाणी थोडं थोडं घालत, तळव्याच्या टाचेनं तीन-चार मिनिटं रगडायचं. एकूण पाणी २५० ते २७० मिली लागतं. प्रत्येक गोळा थापण्याआधी पुन्हा मळायचा, कारण नुसत्या पडलेल्या गोळ्याचा वरचा भाग वाळतो आणि कडेला चिरा जातात. पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर उकळत्या पाण्याचं प्रमाण वाढवावं. मात्र कडू लागत असेल तर त्यातलं तेल खवट झालंय आणि त्याला इलाज नाही.

थापलेली भाकरी पिठाची बाजू वर येईल अशी तापल्या तव्यावर टाकायची आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. या पाण्याशिवाय भाकरी फुगत नाही. त्यानं वरचं स्टार्च शिजून पापुद्रा तयार होतो आणि तोच पुढं वाफ कोंडून धरतो. पाण्याची चकाकी जाते न जाते तोच उलटायची. पूर्ण वाळू दिली तर पापुद्र्याला तडे जातात, वाफ तिथून निघून जाते आणि भाकरी चपटी राहते. फार ओली उलटली तर तव्याला चिकटते. पाणी लावलेली बाजू तव्यावर ठिपके पडेपर्यंत भाजून, मग दुसरी बाजू थेट आचेवर. तवा पुरेसा तापला नसेल तर वाफ होण्याआधीच भाकरी वाळते, आणि हे मंद गॅसवर नेहमी होतं.

घाईच्या रात्री पिठलं. इथं क्रम भाकरीच्या नेमका उलटा: बेसनाला आधी गार पाणी. गरम पाण्यात कोरडं बेसन पडलं की गुठळीचा बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. १०० ग्रॅम बेसन १५० मिली गार पाण्यात किंवा ताकात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचं, फोडणीत उकळलेल्या ३५० मिली पाण्यात धार धरून ओतायचं, सतत हलवायचं. ताक आधी बेसनात मिसळलं तर फाटत नाही, कारण स्टार्च दुधातल्या प्रथिनांना एकमेकींना चिकटू देत नाही. झाकण ठेवून मंद आचेवर ७-८ मिनिटं, नाही तर बेसन कच्चट लागतं. गार होताना पिठलं आणखी घट्ट होतं, म्हणून हवं त्यापेक्षा जरा सैल असतानाच उतरवावं.

ही थाळी पोटभरीची का, ते आकड्यांतही दिसतं. २०० ग्रॅम मसूर चौघांत वाटला की प्रत्येकी ११-१२ ग्रॅम प्रथिनं आणि दोन भाकरींतून साधारण १५. प्रथिनांच्या घटकांपैकी ज्वारीत लायसिन कमी, मसुरात मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरं भरतं. मसुरातलं लोह शरीराला मिळायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून ताटात लिंबाची फोड हवी. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर तो लोह अडवतो, तासभर थांबावं.

उरलेली भाकरी फ्रिजमध्ये ठेवू नये. फुगलेलं स्टार्च गार झालं की पुन्हा स्फटिकासारखं कडक होतं आणि ते फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगानं घडतं. कापडात गुंडाळून दुरडीत ठेवलेली भाकरी जास्त वेळ मऊ राहते. मसूर मात्र दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात काढून, फ्रिजमध्ये गेला पाहिजे. सकाळी तो घट्ट झालेला असतो. सैल करताना गार पाणी ओतलं तर रश्शाची उकळी मोडते आणि तो पुन्हा तापेपर्यंत दाणे ढवळून फुटतात. अर्धी वाटी उकळतं पाणी कडेनं सोडावं आणि पळीनं ढवळण्याऐवजी भांडंच हलवावं.