गाऱ्हाणे

गाऱ्हाणे : अडचणीच्या वेळी ग्रामदेवतेपुढे मोठ्याने घातले जाणारे साकडे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात व लगतच्या कोकणपट्टीत ही प्रथा रोजच्या जगण्याचा भाग आहे; गोव्यात तिला ‘गाराणें’ म्हणतात. घाटावरच्या मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार, गवळणींनी यशोदेकडे नेलेली तशी. कोकणात त्याच शब्दाला प्रार्थनेचा अर्थ आला, पण तक्रारीचा सूर काही सुटला नाही. इथे देव म्हणजे गावाचा कारभारी. त्याच्याकडे दाद मागायची, तीही चार माणसांच्या साक्षीने.

कारण लहानमोठे कोणतेही चालते. घरात आजारपण हटत नाही, म्हैस रानातून परतली नाही, विहिरीला पाणी लागत नाही, पोराचे लग्न जमत नाही. नवे घर बांधताना किंवा मुंबईला नोकरीसाठी निघतानाही गाऱ्हाणे घालतात, म्हणजे संकट येण्याआधीच देवाच्या कानावर घालून ठेवायचे. नारळ आणि विडा पुढे ठेवून गुरव, घाडी किंवा मानकरी बोलायला उभा राहतो. पोथी नसते. रवळनाथ, सातेरी, पावणाई, वेतोबा, गावचा मूळपुरुष, सीमेवरचा राखणदार अशी नावे गावरहाटीतल्या, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या परंपरागत रीतीतल्या, क्रमाने घ्यायची, मग मूळ विषयाला हात घालायचा. ढाचा ठरलेला, मजकूर मात्र त्या त्या घरचा. तो साधारण असा असतो :

‘बा देवा म्हाराजा, आज हो जो काय नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे. ह्या तुझ्या लेकराच्या घरात जा काय दुखणा शिरला असात, ता दूर कर.’

‘होय म्हाराजा!’

‘काय चुकला-माकला असात, ता पदरात घे. वाकडा असात ता सरळ कर.’

‘होय म्हाराजा!’

हा होकार जमलेल्या सगळ्यांनी द्यायचा असतो. खरे बळ त्यातच आहे असे वाटते. ज्याच्या घरात दुखणे आहे तो हात जोडून बहुधा गप्पच उभा असतो; त्याच्या वतीने गाव बोलते. मालवणी नाटकांनी ‘होय म्हाराजा’ विनोदासाठी इतके वापरले की कोकणाबाहेर अनेकांना ते फक्त हसण्यापुरते माहीत आहे. देवळात ते ऐकताना कोणी हसत नाही.

गाऱ्हाण्यानंतर पुष्कळदा कौल लावतात. मूर्तीला किंवा पाषाणाला पाण्याने फुले, पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे आणि वाट पाहायची. उजवीकडचे पडले तर सामान्यतः होकार मानतात. कधी काहीच पडत नाही. मग मानकरी देवाला पुन्हा विनवतो, कधी चक्क रागावतोही, आणि त्यात कोणाला उद्धटपणा दिसत नाही.

गाऱ्हाणे घालण्याचा अधिकार अनेक गावांत वंशपरंपरेने चालतो आणि बहुधा पुरुषांकडेच असतो. या मानपानावरून गावे दुभंगल्याची, वाद कोर्टात गेल्याची उदाहरणे कोकणाला नवी नाहीत.

घरगुती गाऱ्हाण्याला मात्र मानकरी लागत नाही. गणपती विसर्जनाला निघण्यापूर्वी घरातला वडीलधारा ते घालतो, मुंबईतल्या चाकरमान्याच्या खोलीतसुद्धा. तिथे सरळ मराठी बोलणारी नातवंडेही ‘होय म्हाराजा’ मालवणीतच म्हणतात. मग नारळ फुटतो.