मागितलेला कंटेनर आणि मिळालेला कंटेनर

यार्नवर, म्हणजे अनेक मशीनच्या समूहाची (क्लस्टरची) मेमरी आणि कोर प्रोग्रामना वाटून देणाऱ्या, हडूप या बिग-डेटा सॉफ्टवेअरमधल्या यंत्रणेवर, काम करताना सुरुवातीला आपण सहज धरून चालतो की दहा रिक्वेस्ट पाठवल्या, म्हणजे येणारा प्रत्येक कंटेनर (एका मशीनवर आपल्यासाठी राखलेली मेमरी आणि कोर) त्यांतल्या कुठल्या तरी एकीचं उत्तर असणार. तसं नसतं, आणि हे जितक्या लवकर कळेल तितका मनस्ताप वाचतो.

रिक्वेस्ट म्हणजे मागण्यांच्या तक्त्यातला एक आकडा. अमुक प्रायॉरिटी, अमुक ठिकाण, एवढी मेमरी, एवढे व्हीकोर (प्रोसेसरचे आभासी कोर), इतके नग. एखाद्या ठरावीक मशीनवर एकच कंटेनर हवा असला, तरी तक्त्यात तीन ओळी पडतात: त्या मशीनची, तिच्या रॅकची (ती ज्या कपाटात आहे त्याची) आणि ‘कुठेही चालेल’ची. शिवाय हार्टबीटबरोबर (ठरावीक अंतराने जाणाऱ्या संदेशाबरोबर) रिसोर्स मॅनेजरकडे, म्हणजे यार्नमधल्या वाटप करणाऱ्या मुख्य सेवेकडे, जातो तो त्या ओळीचा एकूण आकडा. ‘अजून एक द्या’ असं म्हणायची सोय तिथे नाही. नवा आकडा जुन्याची जागा घेतो.

कंटेनर ही मात्र खरीखुरी जागा. त्याला आयडी असतो, नोड (मशीन) ठरलेला असतो, टोकन (वापरायचा परवाना) असतं आणि मुदतही असते. मूळ सेटिंगनुसार 10 मिनिटांत त्यात काही सुरू केलं नाही, तर रिसोर्स मॅनेजर तो परत घेतो. पण तो नेमक्या कुठल्या रिक्वेस्टपोटी आला, ते त्यावर लिहिलेलं नसतं. प्रायॉरिटी तेवढी कळते. जोडी अ‍ॅप्लिकेशन मास्टरनेच, म्हणजे आपल्या कामासाठी कंटेनर मागणाऱ्या प्रोग्रामनेच लावायची.

जोडी लावताना मापं तंतोतंत जुळतील ही अपेक्षाही सोडावी लागते. यार्नवर चालणाऱ्या स्पार्क या डेटा-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये 4 जीबीचा एक्झिक्युटर (कंटेनरमध्ये चालून प्रत्यक्ष काम करणारा प्रोसेस) मागा. 4096 एमबीवर 10 टक्के ओव्हरहेड (जादाची मेमरी) धरून मागणी जाते 4505 एमबीची. किमान वाटप 1024 एमबी असेल, तर कपॅसिटी शेड्युलर (रिसोर्स मॅनेजरमधला वाटप ठरवणारा भाग) तिला 1024 च्या वरच्या पटीत नेतो आणि हातात येतो 5120 एमबीचा कंटेनर. ‘दोन्ही आकडे सारखे आहेत का’ असं तपासणारा कोड इथेच फसतो. विचारायचं ते ‘मागणी यात मावते का’. व्हीकोरचं तर आणखी वेगळं. कपॅसिटी शेड्युलरचा मूळ कॅल्क्युलेटर (हिशेब करणारा भाग) फक्त मेमरी बघतो, त्यामुळे 4 कोर मागूनही कंटेनरवर 1 दिसू शकतो. म्हणून स्पार्क जोडी लावताना मिळालेले कोर बघतच नाही, मागितलेलाच आकडा वापरतो. ठिकाणाच्या बाबतीत तो आधी मशीन, मग रॅक, मग कुठेही या क्रमाने जातो आणि उरलेले कंटेनर परत करतो. मला हा क्रम अगदी योग्य वाटतो. नाहीतर नेमक्या मशीनवरचा कंटेनर ‘कुठेही’वाल्या रिक्वेस्टच्या पदरात पडतो.

जोडी लागली की रिक्वेस्ट आपल्या बाजूच्या तक्त्यातूनही काढायची. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. रिसोर्स मॅनेजर स्वतःचा आकडा कमी करतो, आपल्या बाजूचा तक्ता सांभाळणारी क्लायंट लायब्ररी आपणहून करत नाही. समजा 10 मागितले, 10 आले, एकही काढला नाही आणि आता अजून 1 हवा आहे. ओळीत जाईल 11, आणि क्लस्टरवर जागा असेल तर खरोखरच 11 नवे कंटेनर येतील.

वेगवेगळ्या मापांचे कंटेनर हवे असतील, तर प्रत्येक मापाला वेगळी प्रायॉरिटी द्यावी. हडूप 3 मध्ये रिक्वेस्टला आपल्या पसंतीचा क्रमांक देता येतो आणि तोच क्रमांक कंटेनरवर परत येतो. प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा क्रमांक दिला, तर कोण कोणासाठी आला ते थेट वाचता येतं. नवा कोड लिहिताना मी हाच मार्ग धरेन.