ट्रेलरची थरथर सीटवर बसून कळत नाही: ट्रक आणि ट्रेलरच्या व्हील बॅलन्सिंगबद्दल थोडं

आमच्या गॅरेजमध्ये येणारे बरेच जण सांगतात, फक्त पुढची दोन चाकं बॅलन्स करा (म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचं वजन सगळीकडून सारखं करा), स्टिअरिंग थरथरतंय तेवढं थांबलं की झालं. बरोबर आहे, हाताला जे जाणवतं त्याचाच वैताग येतो. पण ट्रकची मागची जोडचाकं आणि ट्रेलरची सगळीच चाकं यांची थरथर तुमच्या हातापर्यंत पोचतच नाही, मध्ये पाटे, चेसी, माल, हिच (ट्रेलर जोडायची कडी) एवढं सगळं असतं. त्यात राहायच्या ट्रेलरमध्ये तर गाडी चालू असताना कुणी बसलेलंही नसतं, त्यामुळे आत काय हलतंय ते मुक्कामाला पोचून दार उघडल्यावरच दिसतं, कपाटं उघडलेली, बिजागरीचे स्क्रू खाली पडलेले, नळाचा जॉइंट ठिबकतोय. मग लोक म्हणतात बनवणाऱ्यानेच काम कच्चं केलंय. कधी कधी असतंही तसं, पण आधी चाकं बघून घ्या, कारण बरेच ट्रेलर नवे येतात तेव्हा त्यांच्या रिमवर एकही वजन लावलेलं नसतं, म्हणजे बॅलन्सिंग झालेलंच नसतं.

आता मुळात होतं काय. कुठलाही टायर सगळीकडून सारख्या वजनाचा नसतो, आतल्या थरांचे जोड असतात, रिमला वेल्डिंग असतं, व्हॉल्व्ह असतो, पंक्चरचा पॅच मारलेला असतो. ग्रॅमचाच फरक, पण चाक फिरायला लागलं की तो मोठा होतो. ट्रेलरचा 15 इंची रिमचा नेहमीचा टायर घ्या, 100 च्या स्पीडला तो सेकंदाला 12 वेळा फिरतो, आणि रिमच्या कडेला 60 ग्रॅमचा फरक असेल तर प्रत्येक फेरीला साधारण 7 किलोचा दणका बसतो. तेच 50 ला पावणेदोन किलो. स्पीड दुप्पट तर दणका चौपट, म्हणून गावात गाडी लोण्यासारखी चालते आणि हायवेला लागली की खडखडायला लागते.

हा दणका दोन तऱ्हेचा असतो. एकात चाक वरखाली उड्या मारतं, दुसऱ्यात डावीकडे उजवीकडे डगमगतं, कारण जड भाग टायरच्या बरोबर मध्यावर नसून आतल्या नाहीतर बाहेरच्या कडेला असतो. टायर जेवढा रुंद तेवढा हा दुसरा प्रकार जास्त. त्यासाठी चाक मशीनवर फिरवून आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडांना वेगवेगळी वजनं लावावी लागतात. फक्त बाहेरून वजन ठोकून काम झालं म्हणणारा भेटला तर अर्धंच काम झालंय समजा.

ट्रेलरच्या चाकात अजून एक गोम आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी बघितली जात नाही. कारचं चाक हबच्या (ज्यावर चाक नटांनी बसवतात तो भाग) मधल्या गोलावर घट्ट बसतं, म्हणून मशीनवर मधल्या भोकात कोन, म्हणजे शंकूसारखा ठोकळा घालून बॅलन्स केलं की जमतं. ट्रेलरच्या बऱ्याच रिम मात्र नटांवर सेंटर होतात, मधलं भोक नुसतंच मोठं ठेवलेलं असतं, ते बरोबर मध्यावर असेलच असं नाही. अशी रिम कोनवर पकडली तर मशीनवर झीरो येतो पण गाडीला लावल्यावर चाक वेगळ्याच मध्याभोवती फिरतं आणि थरथर तशीच राहते, वर पैसे गेले ते गेलेच. अशा रिमला नटांच्या भोकातून पकडणारी प्लेट लावावी लागते. आमच्याकडे येणार नसाल तरी जिथे जाल तिथे हा प्रश्न नक्की विचारा, समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळेल त्याला माहीत आहे की नाही.

ट्रकवाले आता वजनांऐवजी टायरमध्ये मणी टाकून घ्यायचं विचारतात. काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक मणी, ट्रकच्या एका टायरला 300 ग्रॅमच्या आसपास लागतात, नक्की किती ते साइजवर. लोकांना ही जादू वाटते, पण त्यामागे सरळ कारण आहे. स्पीड आला की चाक हबच्या मध्याऐवजी स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती फिरायला बघतं, तो मध्य जड बाजूकडे सरकलेला असतो, मग हलकी बाजू त्याच्यापासून लांब पडते आणि सुटे मणी जिथे सगळ्यात लांब जाता येईल तिकडे पळतात, म्हणजे बरोबर हलक्या बाजूला. टायर झिजला, माती चिकटली तरी ते आपापली जागा बदलत राहतात, हा त्यांचा मोठा फायदा, वजन निखळून पडायचं टेन्शन नाही. पण कमी स्पीडला ते नुसते आत गडगडत असतात, तिथे उपयोग शून्य. आत ओल असली तर गोळा होतो, त्यामुळे हवा कोरडी पाहिजे, आणि व्हॉल्व्हला जाळीवाली पिन बसवायची नाहीतर हवा चेक करताना मणी अडकून हवा गळत बसते. मणी टाकलेलं चाक बॅलन्सिंग मशीनवर चढवायला सांगू नका, तिथे चाक दांड्यावर पक्कं धरलेलं असतं, मणी दरवेळी वेगळीकडे जातात आणि आकडाही दरवेळी वेगळा येतो. आणि डगमग असेल तर मण्यांपेक्षा दोन्हीकडे लावलेली वजनंच चांगली, असं आमचं मत आहे. मणी विकून आम्हाला पैसे मिळतात तरी सांगतोय.

बॅलन्सिंगने जे जात नाही तेही सांगून ठेवतो. टायरच गोल नसेल, रिम वाकडी असेल, बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा असेल तर कितीही वजनं ठोका, थरथर राहणारच. गाडी एका बाजूला ओढते तो अलाइनमेंटचा (चाकं सरळ रेषेत आहेत की नाही) किंवा हवेचा विषय, तो वेगळा. महिनोनमहिने एका जागी उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे टायर खाली चपटे होतात, ते 15-20 किलोमीटर चालून गरम झाले की बरेचदा आपोआप नीट होतात, तेवढं चालवून मग बघा, लगेच आमच्याकडे पळत येऊ नका. टायर रिमवर सरळ बसलाय का हे मात्र घरीच बघता येतं, टायरच्या बाजूला रिमच्या कडेला लागून एक बारीक गोल रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका बाजूला आत गेलेली दिसली तर हवा काढून, साबणपाणी लावून टायर परत बसवावा लागतो, वजन लावायची वेळ नंतर. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी जागा, ती व्हॉल्व्हजवळ ठेवून बसवला की वजन कमी लागतं. एखाद्या चाकाला फारच वजन लागत असेल तर आम्ही टायर रिमवर अर्धा फिरवून परत तपासतो, रिमच्या कडेला शिशाची माळ लावत बसत नाही.

चालवताना लक्ष ठेवायचं ते एवढंच: रिमच्या कडेला एखादी स्वच्छ चकचकीत छोटी चौकोनी जागा दिसली तर तिथलं वजन पडलंय. चिखलातून आल्यावर रिमच्या आतली माती धुवा, वाळून चिकटलेला ढेकूळही वजनच असतो. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का तेही बघा, आतलं चाक कुणी वाकून बघत नाही. टायरवर हात फिरवून जागोजागी वाटीसारखे खड्डे लागले तर चाक बरेच दिवस उड्या मारतंय, आणि कधी कधी त्यामागे मेलेला शॉकअब्सॉर्बरही असतो.

चाक परत लावताना हब आणि रिम जिथे टेकतात तिथला गंज आणि रंगाचे पापुद्रे ब्रशने काढतो, नाहीतर चाक तिरकं बसतं. नट समोरासमोरचे घेत टॉर्क पान्ह्याने आवळतो. तरी 80 ते 100 किलोमीटर झाल्यावर एकदा थांबून नट परत चेक करायचेच, विशेषतः ट्रेलरचे, हे बिलावरही लिहून देतो आणि तरी लोक विसरतात.

येताना तीन गोष्टी सांगा, थरथर कुठल्या स्पीडला सुरू होते, हातात जाणवते की सीटखाली, आणि कधीपासून, म्हणजे नवा टायर टाकल्यावर, पंक्चर काढल्यावर की खड्ड्यात आपटल्यावर. एवढ्यावर आमचा अर्धा शोध संपतो. लॉकवाले नट असतील तर त्यांची चावी आणा, आणि स्टेपनी पण आणा, तीही बॅलन्स करून ठेवलेली बरी.